पाणीप्रश्न कायमचा मिटला

योगिनी शिगवणला पत्रकार व्हायचं होतं, आणि तेही साधंसुधं नाही. "मी डोळ्यांनी पाहीन तेवढंच लिहीन," असं तिने नववी 'ब'च्या भरवर्गात उभं राहून जाहीर केलं होतं. आवाज इतका खणखणीत होता की रोज प्रतिज्ञा म्हणायची सवय असलेल्या दोघातिघांनी नकळत उजवा हात पुढे केला.

आता तुम्ही म्हणाल, शाळेत पत्रकारिता कुठून उपटली? तर ती रोबोटमुळे उपटली. कल्याण-शीळ रस्त्यावरच्या या मराठी शाळेसमोर एक इंग्रजी शाळा उभी राहिली आणि तिने रोबोट बनवायचा वर्ग काढला. मराठी शाळेची पटसंख्या गळायला लागली. मुख्याध्यापिका गद्रे बाईंनी ठरवलं की आपणही काहीतरी आधुनिक काढायचं. रोबोटला यंत्रं लागतात, पत्रकारितेला एक फळा आणि मूठभर टाचण्या पुरतात, असा सारासार विचार झाला आणि 'माध्यमे व पत्रकारिता' हा विषय नववीच्या वेळापत्रकात येऊन बसला. शिकवायला साटम सर. सर मूळचे भूगोलाचे, पण कधीकाळी त्यांचं एक पत्र मोठ्या दैनिकाच्या वाचकांच्या सदरात छापून आलं होतं. तेवढी पात्रता शाळेतल्या दुसऱ्या कोणाकडेच नव्हती.

पहिल्या तासाला सरांनी प्रत्येकाला विचारलं की हा विषय का घेतलास. नयन म्हणाला की या तासाला गणित नसतं म्हणून. कल्पिता म्हणाली की आजाने सांगितलं म्हणून. तिचा आजा म्हणजे राघोशेठ. त्यांच्याच भाताच्या शेतावर ही शाळा उभी होती, आणि उरलेल्या शेतावर टॉवर. ही कल्पिता योगिनीच्या बाकावरची, डबा वाटून खाणारी मैत्रीण. आणि मग योगिनीने ते सुप्रसिद्ध वाक्य म्हटलं. सर इतके भारावले की त्यांनी ते फळ्याच्या कोपऱ्यात लिहिलं, भोवती चौकट काढली, खाली 'पुसू नये' असं लिहिलं आणि योगिनीला तिथल्या तिथे भित्तिपत्रकाची संपादक करून टाकलं. भित्तिपत्रकाचं नाव 'कानोसा'.

वाक्य तिचं एकटीचं नव्हतं, अर्धं बापाचं होतं. दौलत शिगवण एसटीचे चालक, खोपट डेपोतून गुहागरची गाडी काढायचे. त्यांचा एकच नियम होता. मागून कंडक्टर कितीही "येऊ द्या, येऊ द्या" म्हणो, आरशात दिसेल तेवढीच गाडी मागे घ्यायची. या नियमावर त्यांनी अख्खी नोकरी काढली आणि एकदाही कोणाच्या ओट्याला गाडी लावली नाही. लेकीने तोच नियम बातमीला लावला. नियम चांगलाच होता. फक्त एसटीत आरसा असतो, शाळेत साटम सर होते.

त्या शाळेला पाण्याचा नळ नव्हता. टॉवरवाल्यांच्या तरणतलावांपर्यंत पोचलेली जलवाहिनी शाळेच्या फाटकाशी येईपर्यंत दमली होती. रोज सकाळी पाणी खात्याचा टँकर येई, जमिनीखालची टाकी भरे आणि शिपाई भिवामामा त्यातलं पाणी एका निळ्या पिंपात चढवत. पिंपाला एक तोटी, तोटीला साखळीने बांधलेला एक पेला, आणि पेल्यासमोर मधल्या सुट्टीत अख्खी शाळा. मुली तर पाणी पीतच नसत, कारण प्यायलं की पुढे जावं लागतं, आणि पुढच्या जागीही पाण्याची बोंबच.

अशात राघोशेठनी आपल्या आईच्या स्मरणार्थ शाळेला पाणी गार करणारं यंत्र द्यायचं ठरवलं. चकचकीत स्टीलचं, तीन तोट्यांचं, आणि वर 'कै. रखमाबाई शीतल जलधारा' अशी पितळी पाटी. यंत्र येऊन व्हरांड्यात उभं राहिलं. उद्घाटनाआधी प्लास्टिक काढायचं नाही अशी ताकीद होती, त्यामुळे पोरं जाता येता त्याला नुसता हात लावून जात. टाकीतून नळी जोडायला राघोशेठचाच प्लंबर यायचा होता. तोही उद्घाटनाच्याच दिवशी, शेठच्याच गाडीतून.

शुक्रवारी दुपारी उद्घाटन ठरलं आणि शुक्रवारी सकाळी साटम सरांनी योगिनीला बोलावून सांगितलं की वृत्तांत लिहून दे, 'खाडीवारा'ला पाठवायचाय.

'खाडीवारा' हे तिथलं स्थानिक दैनिक. त्याचे मालक, संपादक, बातमीदार आणि टपऱ्यांवर गठ्ठे टाकणारे असे सगळे मिळून एकच गृहस्थ, गणू काका. त्यांचं पान दुपारी कल्याणच्या छापखान्यात जायचं, आणि कार्यक्रम बघावा तर सगळे दुपारनंतर. त्यामुळे आसपासच्या शाळांनी, मंडळांनी आणि पतपेढ्यांनी एक सोयीची रीत पाडून घेतली होती. बातमी आधी द्यायची, कार्यक्रम मग करायचा. वर्षानुवर्षं हे असंच चाललं होतं आणि कोणालाही त्यात खोटं काही दिसत नव्हतं.

योगिनीला दिसलं. ती म्हणाली, "पण सर, अजून झालंच नाही ना ते."

"अगं, होऊन वेगळं काय होणार आहे?" सर समजुतीच्या सुरात म्हणाले. "दीपप्रज्वलन होणार, स्वागतगीत होणार, शाल-श्रीफळ होणार, शेठ बोलणार, बाई आभार मानणार. इतक्या वर्षांत या शाळेत दुसरं काही झालेलं मी तरी पाहिलेलं नाही."

हे खरं होतं, आणि तिथेच घात झाला. खोट्याशी भांडता येतं. खऱ्याच्या आधाराने उभ्या राहिलेल्या खोट्याशी कसं भांडायचं, हे 'माध्यमे व पत्रकारिते'च्या अभ्यासक्रमात नव्हतं. तरीही ती घुटमळली. मग सरांनी हुकमाचा पत्ता टाकला. बातमीखाली नाव छापून येणार होतं : विद्यार्थी प्रतिनिधी, योगिनी दौलत शिगवण.

स्वतःचं नाव छापील अक्षरात येणार म्हटल्यावर भल्याभल्यांचं तत्त्व पातळ होतं, ही तर चौदा वर्षांची पोर. तिने वही उघडली आणि सुरुवात केली. एकदा सुरुवात झाल्यावर मात्र, लपवून काय करायचं, तिला मजा यायला लागली! न घडलेला कार्यक्रम फार गुणी असतो. त्यात माइक बंद पडत नाही, दिवा वाऱ्याने विझत नाही, पाहुणे वेळेवर येतात. तिने लिहिलं की मान्यवरांच्या हस्ते जलधारेचं लोकार्पण झालं, पहिला पेला पिताना विद्यार्थ्यांच्या चेहऱ्यांवर तृप्ती पसरली. सर म्हणाले, शेवट जरा दणक्यात कर. तिने पेन्सिल चावली आणि लिहिलं, 'अशा रीतीने शाळेचा पाणीप्रश्न मिटला.' ते जरा मिळमिळीत वाटलं म्हणून तिने मध्ये एक शब्द घातला. 'कायमचा.'

हा शब्द तिचा होता. सरांनी सांगितला नव्हता, बाईंनी घातला नव्हता. पुढे जे काही झालं त्यात तिला सगळ्यात जास्त बोचला तो हाच शब्द.

दुपार झाली. अख्खी शाळा मैदानात उन्हात बसवली गेली. निळं पिंप पाहुण्यांना बरं दिसणार नाही म्हणून भिवामामांनी ते स्वच्छतागृहामागे नेऊन उपडं घातलं होतं. पाचवीच्या मुली स्वागतगीत म्हणायला उभ्या राहिल्या आणि उभ्याच राहिल्या, कारण स्वागत ज्यांचं करायचं ते शीळफाट्याला अडकले होते. तिथे एका कंटेनरने रस्ता आडवा धरला होता. राघोशेठचा फोन येई, "निंगालू, निंगालू," आणि फोनमागे नुसते हॉर्न ऐकू येत. गद्रे बाईंनी सराव म्हणून स्वागतगीत म्हणवून घेतलं. मग पुन्हा सराव म्हणून. शेवटी स्वागतगीताचा आवाज असा कोरडा पडला की ते शोकगीत वाटायला लागलं. पाण्याचं विचारायला एक मुलगा उठला, तर त्याला सांगण्यात आलं की आता पाणी उद्घाटनानंतरच. पाचवीतली एक पोर चक्कर येऊन बसली. योगिनीने तिला आपल्या बाटलीतलं तळाचं पाणी पाजलं.

शेवटी शेठचा निरोप आला की गाडी हलत नाही, पुढच्या आठवड्यात बघू. हार परत केला, नारळ कपाटात गेला, शाळा सुटली. वरातीमागून घोडं आपण ऐकलेलं असतं. इथे वरात मांडवात जाऊन जेवून मोकळी झाली होती आणि घोडं शीळफाट्याला उभं होतं.

योगिनीने धावत जाऊन सरांना बातमीची आठवण करून दिली. सरांनी फोन लावला. गणू काका म्हणाले की पान कधीच छापखान्यात गेलं.

"छापून आलं तर आलं," सर फोन खिशात टाकत म्हणाले. "पुढच्या आठवड्यात होणारच आहे."

दुसऱ्या दिवशी बातमी आली. वर फोटो होता राघोशेठ फीत कापतानाचा. गणू काकांच्या संग्रहातला. तो शेठच्या पुतण्याच्या व्यायामशाळेच्या उद्घाटनाचा होता, त्यामुळे विद्यार्थ्यांच्या तृप्त चेहऱ्यांच्या जागी मागे डंबेल्स दिसत होते. खाली योगिनीचं पूर्ण नाव. दौलतरावांनी खोपट स्टँडवरच्या टपरीत जेवढे अंक होते तेवढे उचलले, डेपोत वाटले आणि एक कात्रण खाकी शर्टाच्या खिशात ठेवलं. गुहागरला उतरणाऱ्या ओळखीच्या माणसालासुद्धा ते दाखवून झालं. परत आल्यावर रात्री जेवताना ते बायकोला म्हणाले की आपल्या घराण्यात आजवर पेपरात नाव फक्त दहाव्या-बाराव्याच्या जाहिरातीत आलेलं आहे, हे पहिलंच जिवंतपणी. योगिनीला बापाला सगळं सांगायचं होतं. पण बापाचा चेहरा असा उजळला होता की तिने नुसतं पाणी मागितलं.

इथपर्यंत प्रकरण लाज वाटण्यापुरतंच होतं. खरी मौज पुढे आहे.

पुढचा आठवडा उजाडला तरी राघोशेठ येईनात. गद्रे बाईंनी निरोपावर निरोप धाडले. शेवटी उत्तर घेऊन आली कल्पिता.

"आजा बोलतो, झालाय ना उद्घाटन," ती खाली बघत म्हणाली. "पेपरात आलाय, त्याने फ्रेम पण केलीय. आता परत कशाला, बोलतो."

शेठचं तसं चुकलं कुठे? उद्घाटन माणूस करतो ते पेपरात येण्यासाठी. इथे उन्हात न येता, हार न घालून घेता, भाषण न करता ते पेपरात आलेलं होतं. आणि उद्घाटन नाही म्हणून गाडी नाही, गाडी नाही म्हणून प्लंबर नाही, आणि प्लंबर नाही म्हणून रखमाबाईंची जलधारा प्लास्टिक पांघरून कोरडीच्या कोरडी उभी. कल्पिताला मनापासून वाईट वाटत होतं. ती घरून बोअरवेलच्या पाण्याची मोठी बाटली आणायला लागली आणि बाकावरच्या चौघींना पुरवून पुरवून देऊ लागली.

आणि मग एका सकाळी टँकर आला नाही. दुसऱ्या सकाळीही नाही. बाईंनी साटम सरांना पाणी खात्याच्या कार्यालयात पिटाळलं, आणि बातमी हिचीच आहे म्हणून सोबत योगिनीला.

कार्यालयातल्या टेबलामागच्या मॅडम अतिशय सौजन्याने वागल्या. त्यांनी बसायला खुर्ची दिली, फाइल काढली आणि त्यात टाचलेलं 'खाडीवारा'चं कात्रण समोर ठेवलं. 'कायमचा' या शब्दाखाली लाल रेघ होती. मॅडम म्हणाल्या की टँकरसाठी दहा सोसायट्या दारात बसल्यात, ज्या शाळेचा प्रश्न कायमचा मिटला तिचा टँकर त्यांना दिला, यात खात्याचं काय चुकलं? सरांनी घाम पुसत सांगितलं की बातमी जरा, म्हणजे, घाईत गेली.

मॅडमनी योगिनीकडे पाहिलं. "बाळ, हे तूच लिहिलंस ना?"

"हो."

"पाहून लिहिलंस?"

फळ्यावरची चौकट योगिनीच्या डोळ्यांपुढे उभी राहिली आणि तिला आपल्याच तोंडात मारून घ्यावंसं वाटलं. मॅडम म्हणाल्या की पेपरात आलेलं पेपरातच खोडून आणा, मग टँकरचं बघू.

त्या संध्याकाळी योगिनीने घरी बसून 'कानोसा'चा नवा अंक लिहिला. या वेळी तिने फक्त पाहिलेलं लिहिलं. टँकर येत नाही. यंत्राला नळी नाही. पिंपात थेंब नाही. पाचवीच्या मुलीला चक्कर आली. उद्घाटन झालंच नाही आणि ते झालं असं मी लिहिलं, ते चूक होतं. विशेषण एकही नाही. लिहून झाल्यावर तिला इतकं हलकं वाटलं की तिने आईला न सांगता भांडी घासली. सकाळी प्रार्थनेआधी जाऊन तिने अंक फळ्यावर टाचला.

मधल्या सुट्टीपर्यंत फळ्यावर फक्त टाचण्या उरल्या होत्या.

अंक सरांनी काढला होता. रागावून काढला असता तर ती भांडली असती. पण सर तिला जिन्याखाली घेऊन गेले आणि गयावया करायला लागले. त्यांची नोकरी इतक्या वर्षांनंतरही पक्की झालेली नव्हती. बाईंनी त्यांना खोलीत बोलावून फैलावर घेतलं होतं. मग बाईंनी योगिनीलाही बोलावलं.

"योगिनी, समोरची शाळा दिसते ना तुला?" गद्रे बाई शांतपणे म्हणाल्या. "या शाळेत पाणी नाही असं एकदा बाहेर गेलं की जूनमध्ये पाचवीला मुलं येणार नाहीत. मुलं आली नाहीत की तुकडी बंद. मग तुझ्यासारख्या मुलींनी जायचं कुठे? पाण्याचं मी बघते. शाळेची अब्रू तू बघ."

चौदा वर्षांच्या मुलीच्या डोक्यावर शाळेची अब्रू ठेवून बाई पाण्याचं बघायला गेल्या, म्हणजे खोलीत जाऊन आपल्या थर्मासमधून प्यायल्या. हे लिहिताना माझीच जीभ कडू होते, पण त्या थर्मासचा रंग हिरवा होता आणि तो रोज भरलेला असायचा, हे योगिनीने डोळ्यांनी पाहिलेलं होतं.

तरी पोरगी हटली नाही. शाळा सुटल्यावर कल्पिताला घेऊन ती गणू काकांच्या गाळ्यावर गेली आणि म्हणाली की बातमी खोटी होती, तसा खुलासा छापा. गणू काका पेपरांच्या गठ्ठ्यावर बसून वडापाव खात होते. त्यांनी खुलाशासाठी शाळेचा शिक्का मागितला, जो मिळणार नव्हता हे त्यांनाही ठाऊक होतं. मग त्यांनी तिला प्रेमाने समजावलं.

"बातमी खोटी नाही, बेटा. बातमी वेळेवर आली. तुमचा कार्यक्रम मागे राहिलाय. तो उरकून टाका, की झालं सगळं खरं."

आणि तोच तोडगा ठरला. गणू काकांनी सरांना फोन केला, सरांनी बाईंना सांगितलं, बाईंनी राघोशेठना गळ घातली. शेठ तयार होईनात, तेव्हा गणू काकांनी आमिष म्हणून कार्यक्रमात आणखी एक सत्कार घातला : 'खाडीवारा'तर्फे सर्वोत्कृष्ट बाल पत्रकार, कुमारी योगिनी शिगवण, पुरस्कार राघोशेठच्या हस्ते. शेठना हस्ते म्हटलं की राहवत नसे.

या उद्घाटनाची तालीम मी म्हणतो एखाद्या नाटकाचीसुद्धा होत नसेल. साटम सर हातात कात्रण घेऊन मैदानभर फिरत होते. बातमीत समई आहे, समई आणा. बातमीत पाचवीच्या मुली आहेत, त्यांना उभं करा. शेठना फोटोतल्याच पिस्ता रंगाचा शर्ट घालून यायला सांगितलं होतं. नयनने विचारलं की डंबेल्स आणायचे का, तेव्हा सरांनी त्याला शेवटच्या रांगेत बसवलं. प्लंबर आला, त्याने टाकीपासून यंत्रापर्यंत नळी जोडली. सगळं यथासांग झालं. फक्त टाकीत पाणी नव्हतं, कारण टँकर बंद होता, कारण पाणीप्रश्न कायमचा मिटला होता. मग भिवामामांनी शेठच्या बंगल्यावरून पाण्याचे जार आणले आणि मागच्या बाजूने यंत्रात ओतले. जेवढं पाहुण्यांना पुरेल तेवढं.

योगिनीने रात्रभर, नाही, रात्रभर म्हणणं म्हणजे पुन्हा तेच, झोप लागेपर्यंत एक वाक्य पाठ केलं होतं. पुरस्कार घेताना माइक हातात येणार होता. समोर सगळे असणार होते, गणू काका असणार होते, आणि सुट्टी काढून बाबा येणार होते. 'आमच्या टाकीत पाणी नाही, आमचा टँकर परत सुरू करा.' एवढंच बोलायचं. कल्पिताला तिने ते म्हणून दाखवलं. कल्पिता म्हणाली की बोल, आजा मला ओरडला तर ओरडू दे.

सकाळपासून शाळेत थेंब नव्हता. योगिनीने आपली बाटली पुन्हा त्या पाचवीच्या मुलीला देऊन टाकली होती, कारण तिला स्वागतगीत म्हणायचं होतं. राघोशेठ या वेळी वेळेवर आले. फीत कापली, टाळ्या झाल्या. पुरस्कारासाठी योगिनीचं नाव पुकारलं. पहिल्या रांगेत बाबा बसले होते, इस्त्रीचा सदरा घालून, खिशातून कात्रणाचं टोक बाहेर. शेठनी तिच्या हातात गुलाब दिला, प्रशस्तिपत्र दिलं, मग कौतुकाने स्वतः तोटी दाबून पेला भरला आणि तिच्या पुढे धरला. माणूस मनाचा वाईट नव्हता. आपल्या आईच्या नावाचं पाणी कोणीतरी पिताना बघायचं होतं त्यांना, डोळे भरून आले होते त्यांचे.

"पी, पोरी," शेठ म्हणाले आणि माइक तिच्या तोंडापुढे नेला. "आनी सांग सगल्यांना, कसा हाय पानी."

ती प्यायली. घसा इतका सुकला होता की पेला संपेपर्यंत तिला थांबताच आलं नाही. पाणी खरोखरच गार होतं, दात शिवशिवतील इतकं. पेला खाली आला, समोर माइक होता, वाक्य पाठ होतं.

"गार आहे," ती म्हणाली.

टाळ्यांचा कडकडाट झाला. बाबा उभे राहून टाळ्या वाजवत होते. गणू काकांनी फोटो काढला. टाळ्या थांबेपर्यंत तिथेच उभं राहायचं आणि उरलेलं बोलायचं, एवढंच काम होतं. माइकही कोणी काढून घेतला नव्हता. पण टाळ्या थांबायच्या आत योगिनी गुलाब सांभाळत पायऱ्या उतरून खाली आली होती. कल्पिता तिच्याकडे पाहत राहिली.

दुसऱ्या दिवशी 'खाडीवारा'त मथळा होता : 'पाणी गार आहे!' विद्यार्थिनीची उत्स्फूर्त प्रतिक्रिया. आयुष्यात पहिल्यांदाच तिचा शब्दन् शब्द खरा छापून आला होता. पाणी खात्याच्या फाइलमध्ये पहिल्या कात्रणावर दुसरं कात्रण टाचलं गेलं आणि टँकरची आशा संपली. दौलतरावांनी हे कात्रण खिशात न ठेवता गाडीत, आरशाच्या बाजूला चिकटवलं.

पुढच्या शुक्रवारी पत्रकारितेच्या तासाला ऊन मी म्हणत होतं. योगिनीने हात वर करून विचारलं की सर, पाणी पिऊन येऊ?

"जा की," सर सवयीने म्हणाले. मग एकदम थांबले. वर्गही थांबला. योगिनी मात्र उठून बाहेर गेली. व्हरांड्यात रखमाबाईंची पितळी पाटी चकाकत होती. तिने तीनही तोट्या एकेक करून दाबल्या. आत कुठेतरी हवा फुसफुसली. ती थोडा वेळ तिथे उभी राहिली, प्यायला लागतो तेवढा, आणि परत आली.

"प्यायलीस?" सरांनी विचारलं.

"हो सर."

सरांना बरं वाटलं. मागे फळ्याच्या कोपऱ्यात ते चौकटीतलं वाक्य अजून तसंच होतं, कारण खाली 'पुसू नये' लिहिलेलं होतं. योगिनी बाकावर बसली, कोरडा आवंढा गिळला आणि सरांनी सकाळीच सांगितलेला वृत्तांत लिहायला घेतला. 'शाळेच्या विज्ञान प्रदर्शनाला पालकांचा उदंड प्रतिसाद लाभला,' तिने झरझर लिहिलं. प्रदर्शन पुढच्या गुरुवारी होतं.